गाण्यात आई नव्हती

हेझल फोर्क, केंटकी
एप्रिल १९८६

प्रिय वीणा,

तू हे वाचते आहेस म्हणजे माझा फोन येऊन गेला, खळीबद्दलचं माझं बोलणं तुला कळलं, आणि तू चित्राच्या पाठीवरचा ब्राउन पेपर फाडलास. आता एक कर. गिरीश घरी असेल तर कागद परत आत सरकव आणि तो कामावर गेला की वाच. नसेल तर बाथरूममध्ये जा, दार लाव आणि तिथे बसून वाच. कागद मुद्दाम पातळ घेतलाय, वाचून झाल्यावर फाडून फ्लश करता येईल. हे वाचून तुला माझा राग येईल, मी जास्त करतेय असं वाटेल. वाटू दे. शेवटपर्यंत वाच म्हणजे झालं.

आणखी एक आधीच सांगून टाकते. जावयाला अहो-जाहो करायची आपली रीत आहे. लग्न झाल्यापासून मी तोंड भरून 'गिरीशराव' म्हणत आले, आणि तोही मला 'आई, आई' करत आला. या पत्रात मला ते जमणार नाही. 'तो' असंच लिहिणार आहे.

चित्रांना पाठ लावायचं काम तुझं होतं, आठवतं ना? आपण या गावात आलो तेव्हा तू दहा वर्षांची. शाळेत कुणाशी बोलायची नाहीस, आणि घरी आलीस की माझ्या मागेमागे. मी फ्रेमला खिळे ठोकायची, तू कणकेची खळ शिजवून ब्राउन पेपरला फासायचीस, आणि कागद चिकटवण्याआधी आत गुपचूप एक चिठ्ठी सरकवायचीस. त्यात फक्त त्या दिवशी जेवायला काय होतं ते. 'वांग्याची भाजी, मला आवडली नाही.' 'बाबांना उशीर, ब्रेड आणि जॅम.' शंभर वर्षांनी कुणी फ्रेम उघडली तर त्याला कळायला हवं की चित्रं काढणाऱ्यांच्या घरीसुद्धा भूक लागते, असं म्हणायचीस. डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये माझं जे चित्र आहे ना, त्यात तुझी वांग्याची भाजी अजून आहे. ही गोष्ट आपल्या दोघींखेरीज कुणाला माहीत नाही, म्हणून मी हा रस्ता निवडला. दुसरा होताच कुठे? तुमच्या मेलबॉक्सची किल्ली त्याच्याकडे. आणि फोनवर मी 'कशी आहेस गं' म्हटलं की आधी बेडरूममधला रिसीव्हर उचलल्याची टक् ऐकू येते, आणि मग तू 'मजेत' म्हणतेस. ती टक् झाल्याशिवाय तू मजेत असल्याचं मी गेल्या वर्षभरात एकदाही ऐकलेलं नाही.

आता चित्राबद्दल. समोरून बघितलंस तर तुझ्या लक्षात आलंच असेल हे कुठलं गाणं ते. जूनमध्ये फायर स्टेशनच्या अंगणात गाण्यांचा मेळा भरतो, त्याच्या कमिटीनं यंदा मला सांगितलं की मिसेस डॉक्टर, आमच्या जुन्या गाण्यांवर चित्रं करून द्या, हॉलमध्ये लावू. डॉक्टरची बायको, त्यातून साडीवाली, तिनं या डोंगरातल्या गाण्यांची चित्रं काढायची म्हणजे काहींच्या कपाळाला आठ्या पडल्याच. पण ओपलबाई माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. नवऱ्याची फुप्फुसं कोळशानं भरली तेव्हा बाबांनी शेवटपर्यंत त्यांच्या घरी खेपा घातल्या, ते त्या विसरलेल्या नाहीत. आणि तू तर त्यांची लाडकी. त्यांच्याच पोर्चवर बसून तू मँडोलिन शिकलीस, आणि पुढे मराठीसुद्धा त्यांच्यासारखी हेल काढून बोलायला लागलीस, आम्ही किती हसायचो.

तर गेला हिवाळाभर मी ओपलबाईंच्या स्वयंपाकघरात स्केचबुक घेऊन बसत होते. त्या बँजो घ्यायच्या, गायच्या, मी रेघोट्या मारायची. खाणीत अडकलेल्या माणसांचं गाणं झालं, आगगाडीनं गेलेल्या भावाचं झालं, ती चित्रं चांगली उतरली. पण निम्म्याहून जास्त गाण्यांत कुणीतरी एका मुलीला मारतो, आणि चाल अशी की पायानं ठेका धरावा. लग्नाच्या वरातीत वाजवली तरी चालेल अशी चाल, आणि आत खून. मी इतकी वर्षं ही गाणी ऐकत होते, तुझ्या मँडोलिनवर माना डोलवत होते, शब्दांकडे कधी नीट लक्षच गेलं नव्हतं. चित्र काढायचं म्हटल्यावर मात्र सुटका नसते. ती कुठे उभी आहे, तो कुठल्या बाजूला आहे, त्याचा हात तिला नुसता लागलाय की त्यानं दंड धरलाय, हे सगळं ठरवावं लागतं. गाणाऱ्याला ते ठरवावं लागत नाही.

नदीकाठचं ते गाणं तू माझ्यापेक्षा चांगलं गातेस. तो मुलीला म्हणतो, चल, पलीकडे तुझ्यासाठी घर बांधलंय, दाखवतो. ती शाल घेते आणि निघते. वाटेत ती एकदा थांबून मागे वळून बघते, तिथे ओपलबाई सूर लांबवतात. मग नदी. पलीकडे घरबीर काही नसतंच. शेवटच्या कडव्यात गावकरी पाण्यातून शाल काढतात, संपलं. मी त्यांना विचारलं की हिची आई कुठे आहे या सगळ्यात. बँजोवरचा हात न थांबवता त्या म्हणाल्या, घरात असेल, बीन्स सोलत असेल, हनी, या गाण्यांना आयांसाठी वेळ नसतो.

मी घरी आले आणि दोन दिवस ब्रशला हात लावला नाही. मला सारखी दिवाळी आठवत होती.

दिवाळीला तुमच्याकडे आलो तेव्हा मी चकल्यांचा डबा घेऊन आले होते, मनात हौस होती. तुमच्या चँडलर गावात तेव्हाही ऊन मी म्हणत होतं, आणि तू लांब बाह्यांचा ब्लाउज घालून वावरत होतीस. मी म्हटलं चहा टाकू का, तर तू आधी त्याच्याकडे बघितलंस. बँकेतली नोकरी सोडलीस त्याचं कारण विचारलं, तर उत्तर त्यानं दिलं. तिथले रस्ते तुला नवीन आहेत म्हणून तुझं ड्रायव्हिंग लायसन्स त्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे म्हणे. असला कसला रस्ता नवीन असतो वर्षभर? मँडोलिन कुठे आहे म्हटलं, तर कपाटावरून पडलं आणि मोडलं. मी आणलेल्या बशांतल्या तीन पडल्या. आणि तू पायरीवरून पडलीस. तुमच्या घरात वस्तू फार पडतात गं.

तो मात्र काय गोड वागला. आलेल्या मंडळींना हात धरून माझी चित्रं दाखवत होता, आमच्या सासूबाई आर्टिस्ट आहेत म्हणून. सगळ्या बायका मला बाजूला घेऊन सांगत होत्या की नशीब काढलं तुमच्या पोरीनं, किती हौशी नवरा आहे, बाजारालासुद्धा एकटी पाठवत नाही. मी हसून हो हो म्हणत होते, आणि तुझ्या लांब बाह्यांकडे बघत होते.

निघताना बाबांनी तुझा हात हातात घेतला, आठवतंय? तुला वाटलं निरोप घेताहेत. ते नाडी बघतात तसे उभे होते, आणि तुझी बाही मनगटावरून थोडी वर सरकली होती. विमानात मी पेपर पुढे केला, घेतला नाही, कॉफी गार झाली. उतरायच्या जरा आधी म्हणाले, मालिनी, चार खुणा एका बाजूला होत्या आणि एक दुसऱ्या बाजूला. पायऱ्यांना बोटं नसतात. त्यांच्या क्लिनिकमध्ये खाणकामगारांच्या बायका येतात, त्यासुद्धा पायरीवरूनच पडलेल्या असतात. ते मलम लावतात, लिहून ठेवतात, विचारतात, आणि बाई काही बोलली नाही तर तिला घरी जाऊ देतात. आता आपल्याच पोरीला घरी सोडून आलो, असं म्हणाले आणि खिडकीकडे तोंड केलं. मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही, पण रुमाल काढलेला पाहिला.

त्यानंतर आम्ही तुला विचारायचा किती प्रयत्न केला ते तुला माहीतच आहे. विचारलं की टक्, आणि मग मजेत. बाबा तर म्हणत होते की सरळ जाऊन दार ठोठावू. मी अडवलं. तो दारात हसत उभा राहील, तू त्याच्या मागे उभी राहून सगळं ठीक आहे म्हणशील, आम्ही चहा पिऊन परत येऊ, आणि आमची पाठ वळल्यावर त्या चहाची किंमत तुला मोजावी लागेल. या भीतीनं मी गप्प बसले होते.

आणि मग मार्चमध्ये तुझा फोन आला, म्हणजे त्यानंच लावला होता. खूप खुशीत होता. आई, वीणासाठी घर घेतलंय, म्हणाला. गावाबाहेर, अगदी वाळवंटाच्या कडेला, शेजार नाही की कटकट नाही, एप्रिलच्या अखेरीला शिफ्ट होणार. दुसरी गाडी घ्यायची गरज नाही, ती कुठे जाणारे? मी रिसीव्हर ठेवला आणि किचनमध्ये उभी राहिले, आणि मला ओपलबाईंचा आवाज ऐकू यायला लागला. चल, तुझ्यासाठी घर बांधलंय, दाखवतो. वीणा, मी शकुन-अपशकुन मानणारी बाई नाही, तू जाणतेस. पण ती ओळ डोक्यातून जाईना. आज निदान भिंतीपलीकडे माणसं आहेत. तिथे तू ओरडलीस तर कोण ऐकणार?

त्याच दिवशी मी चित्राला हात घातला, आणि ते चार दिवसांत झालं. नदी, झाडी, तो पुढे, ती मागे, खांद्यावर शाल, मान वळवलेली. गाण्यात ती वळून कशाकडे बघते ते सांगितलेलंच नाही. मी ते काढलं. वळणावर मोठ्या झाडाखाली एक बाई उभी केली. ती रडत नाही की पदर तोंडाला लावत नाही, बीन्सही सोलत नाही. ती मुलीला न्यायला आली आहे. तिच्या अंगावर माझा तपकिरी कोट आहे, आपण इथे आल्यावर पहिल्या थंडीत कॅटलॉगमधून मागवलेला, ज्याची तुला इतकी लाज वाटायची की हा घालून शाळेत येऊ नकोस म्हणून पाया पडायचीस. तोच, खिशाला काळं ठिगळ असलेला. ठिगळसुद्धा काढलंय.

कमिटीचे अध्यक्ष मिस्टर कॉडिल, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, चित्र बघायला आले. भला माणूस, टोपी काढून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, मॅम, सगळं उत्तम आहे, पण या गाण्यात आई नाहीये. इथली माणसं हे गाणं आज्या-पणज्यांपासून ऐकत आली आहेत, त्यांना हे चालणार नाही. त्यातून असला कोट तेव्हा नव्हता. बाईच्या जागी एक झुडूप रंगवून टाका, जमेल का? मी म्हटलं, नाही जमणार. त्यांना वाटलं माझं इंग्लिश कमी पडतंय, म्हणून त्यांनी पुन्हा हळूहळू सांगितलं. मीही पुन्हा हळूहळू नाही म्हटलं. मग ते खाण आणि आगगाडी घेऊन गेले आणि हे चित्र माझ्याकडे राहिलं. ओपलबाईंनी मात्र ते पाहिलं आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं की आमची वीणा कशी आहे. मी सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं मँडोलिन आणून आमच्या गाडीत ठेवलं. कशाला म्हणून मी विचारलं नाही.

गिरीशराव, आता थोडं तुमच्याशी. समजा हे पत्र तुमच्याच हाती लागलं असेल, तर नीट वाचा. तुमचं ऑफिसातलं काम फार बारीक आहे म्हणता ना, तितक्याच बारकाईनं वाचा. वीणाला या पत्राची कल्पना नाही. तिनं आम्हाला आजवर एक अक्षर सांगितलेलं नाही, तुमचं कौतुकच करते. जे दिसलं ते आम्हाला आमच्या डोळ्यांनी दिसलं. राग काढायचा असेल तर माझ्यावर काढा. डॉक्टरांनी जे पाहिलं ते सहीनिशी लिहून इथल्या वकिलाकडे दिलं आहे. पुढे मी जे लिहिते आहे तेही खुशाल वाचा, मला काही लपवायचं नाही. ती गुरुवारी मी सांगितलेल्या जागी दिसली नाही, तर त्याच दुपारी आम्ही तुमच्या दाराशी येऊ, आणि बरोबर पोलीस असतील. चहा टाकायची तसदी घेऊ नका.

वीणा, बाळा, आता तू ऐक. रविवारी मी फोन केला, चित्र पोचलं का विचारलं, मागचा कागद खळीनं लावलाय, झुरळं लागायच्या आत बघून घे असं म्हटलं, तो फोन केंटकीहून नव्हता. तुला तसं वाटलं असेल, त्यालाही वाटलं असेल, आणि तसंच वाटायला हवं होतं. उद्या हे पार्सल टाकून मी आणि बाबा स्टेशन वॅगननं निघतोय, आणि तो फोन मी तुमच्यापासून अर्ध्या तासावर, मेसाला, माझ्या कॉलेजातल्या शरयूच्या घरून करणार आहे. तिचं नाव मी त्याच्यापुढे कधी काढलेलं नाही. गुरुवारी सकाळी तो तुला लायब्ररीत सोडतो आणि जेवायच्या सुट्टीत न्यायला येतो, तेवढी एक जागा त्यानं तुला ठेवली आहे. या गुरुवारी मी तिथल्या पार्किंग लॉटमध्ये झाडाखाली उभी असेन. ऊन कितीही असो, अंगात तो तपकिरी कोट असेल, लोक वेडी म्हणतील तर म्हणू देत, तुला लांबून दिसायला हवा. बाबा गाडी चालू ठेवून बसलेले असतील. काही घेऊ नकोस, दागिने नकोत, कपडे नकोत, शालसुद्धा घेऊ नकोस. नुसती ये. मी काही विचारणार नाही, घरी पोचेपर्यंत तू बोलली नाहीस तरी चालेल. लोक काय म्हणतील त्याची काळजी करू नकोस, लोकांना मी बघून घेईन, माझी जीभ तुला माहीत आहे. आणि तिथे येऊनही तुझे पाय उचलले नाहीत, तर मी तुला ओढणार नाही. एकदा वळून माझ्याकडे बघ फक्त. पुढच्या गुरुवारी मी तिथेच असेन, आणि त्यानं तुला त्या लांबच्या घरी नेलं तर त्या घरासमोरच्या रस्त्यावर असेन, रोज. आता कागद फाडून टाक, तोंड धू आणि बाहेर जा.

तुझीच,
आई

आज जेवायला: मुगाची खिचडी. मी फ्रेम करत होते म्हणून बाबांनी केली. खाली लागली.